बांधावरचा पाहुणा

मार्गशीर्ष अमावस्येच्या दुपारी लातूरच्या बाजारपेठेत शुकशुकाट असतो. दुकानांची शटर्स खाली, रस्ते ओस. सगळं शहर शिवारात गेलेलं असतं. लातूर, धाराशिव आणि लगतच्या बीदर, कलबुर्गी भागातली ही वेळ अमावस्या. बोलीत तिला येळवस म्हणतात. रब्बीची ज्वारी तेव्हा वाढीला लागलेली असते, हरभरा हिरवागार असतो, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत पाच पांडव मांडायचे, पूजा करायची आणि पिकावर आंबील शिंपडायची. मग पंगत बसते.

त्या जेवणाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण अशी भज्जी हॉटेलात मिळत नाही. ही तळलेली भजी नव्हेत. ओल्या तुरीचे दाणे, वाटाणा, वालपापडी, हरभऱ्याचा पाला, मेथी, आंबट चुका, शेंगदाणे, गाजर, वांगं, त्या आठवड्यात शेतात आणि बाजारात जे हिरवं असेल ते एका मोठ्या पातेल्यात जातं. ताकात कालवलेलं बेसन लावून ते दाट होईपर्यंत रटरटत ठेवतात. सोबत बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी, तिळाची पोळी, गव्हाची खीर. आणि आंबील. ज्वारीचं पीठ शिजवून, ताक घालून, लसूण-जिरं लावून मातीच्या बिंदग्यात ठेवलेली. डोक्यावर बिंदगं घेऊन बाया बांधाने चालत येतात आणि उन्हात बसलेल्या माणसांच्या हाती गार आंबिलीचे पेले जातात. पहिल्या घोटाला ती आंबट लागते, दुसऱ्या घोटाला लसूण कळतो, आणि मग पेला केव्हा रिकामा झाला ते कळत नाही. हा सगळा स्वयंपाक आदल्या रात्रीपासून बायकाच करतात, हेही सांगायला हवं. त्या जागरणाचा वाटा घरातल्या पुरुषांनी उचलायला हवा. परंपरा म्हणून तेवढ्यावरून नजर फिरवणं मला योग्य वाटत नाही.

या दिवसात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते आमंत्रण. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला आवर्जून बोलावतो. बदलीवर आलेले शिक्षक, बँकेतले कारकून, शेजारचे भाडेकरू, दुसऱ्या धर्माचे मित्र, सगळ्यांना कुणाच्या ना कुणाच्या शेतात पान असतं. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक येते, ‘या की, आंबील तरी घेऊन जावा.’ पिकलेलं धान्य अजून घरात आलेलं नाही, पाऊस-गारपिटीची धास्ती आहे, देणंही डोक्यावर आहे, तरी पहिली हाक दुसऱ्याला जाते. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची धान्यकोठारं भुकेल्यांसाठी खुली केली, ती कथाही याच ज्वारीच्या मुलखातली, मंगळवेढ्याची. त्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. धान्य पिकवण्याइतकंच ते वाढण्यालाही या भागाने पुण्य मानलं आहे.

येळवशीनंतर काही आठवड्यांत हुरड्याचे दिवस येतात. ज्वारीच्या दाण्यातला चीक संपून पीठ धरायच्या आधीची ती अवस्था. दाणा मऊ, हिरवा आणि गोड. जेमतेम आठ-दहा दिवस ती टिकते. सुरती, गूळभेंडी, कुचकुची अशी जुनी वाणं खास हुरड्याची म्हणून राखली जात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले मधुर’ आणि परभणीच्या विद्यापीठाने ‘परभणी वसंत’ हे वाण हुरड्यासाठीच काढले. पूर्वी हुरडा विकायची गोष्ट नव्हती. पावणेरावळे, लेकीबाळी, गावातले सगेसोयरे यांना बोलावून आगटीभोवती खायची गोष्ट होती. आज पुणे, नगर, सोलापूरच्या आसपास हुरडा पार्टीच्या पाट्या रस्त्यारस्त्यावर दिसतात. माणशी इतके रुपये. नाश्ता, हुरडा, उसाचा रस, दुपारचं जेवण आणि बैलगाडीची फेरी.

हे विकणं मला मुळीच गैर वाटत नाही. सरकारने २०२५-२६ साठी मालदांडी ज्वारीला जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये होता, म्हणजे किलोला साडेसदतीसच्या आसपास. रब्बीची ही ज्वारी अनेक ठिकाणी अजून हातानेच उपटून काढतात आणि त्या कामाला माणसं मिळणं दरवर्षी अवघड होत चाललं आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव, लातूर, बीड, सोलापूरच्या कितीतरी शिवारांत उभं पीक आणि वरची माती दोन्ही वाहून गेली. अशा शेतकऱ्याने दाणा कठीण होण्याआधी चार पैसे जास्त मिळवले तर त्याचा आनंदच व्हावा. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं तेही याच जोडउत्पन्नासाठी.

माझं म्हणणं पैसे देणाऱ्यांशी आहे. तिकीट काढलं की आपण गिऱ्हाईक झालो आणि पाहुण्याची सगळी कर्तव्यं संपली, असं आपण धरून चालतो. पैशाने कणसाची किंमत चुकती होते. दुसऱ्याच्या शेतात, त्याच्या आगटीपाशी, त्याच्या घरच्या बाईच्या हातचं आपण खातो आहोत, ही गोष्ट पैशाने बदलत नाही.

आगटीपाशी बसलेल्या बाईकडे एकदा नीट पाहा. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ती कणसं खुपसते, फिरवते, नेमक्या वेळी बाहेर काढते आणि गरम असतानाच हाताने चोळते. निवलं की दाणा सुटत नाही, म्हणून थांबायला वाव नसतो. तळव्यांना वाफ लागते, कूस टोचते, धूर डोळ्यांत जातो. मग फुंकून, पाखडून हिरवे दाणे ती ताटात ओतते. तिच्या डोक्यावरून हात पुढे करून मोबाइलवर चित्रण चाललेलं असतं आणि मागून आवाज येतो, ‘मावशी, इकडे गरम द्या ना, हा गार झाला.’ तो गार झालेला हुरडा, त्यावरची शेंगदाण्याची चटणी, अर्धी खाल्लेली रेवडी, सगळं कागदी ताटासकट टोपलीत जातं. एका आगटीवरच्या बाईंना मी विचारलं, तुम्ही कधी खाल्लात? ‘सगळी उठल्यावर,’ त्या म्हणाल्या आणि पुढचं कणीस चोळायला घेतलं.

‘अनलिमिटेड’ हा पाटीवरचा शब्द मला म्हणूनच खुपतो. शेतात काहीच अमर्याद नसतं. हुरड्यासाठी खुडलेलं प्रत्येक कणीस महिना-दीड महिन्याने भाकरी होणार होतं. शेतकऱ्याने विचार करून तो व्यवहार केला. आपण ताटात टाकून दिलं तर हुरडाही गेला आणि भाकरीही गेली. पाण्याचंही तेच. कोरडवाहू मुलखातल्या काही ठिकाणी आता पाहुण्यांसाठी ‘रेन डान्स’ लावतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने प्यायचं पाणी आणावं लागलं होतं. ज्या जमिनीत ओलीच्या जोरावर ज्वारी उभी राहते, तिथे बोअरचं पाणी कारंज्यांनी अंगावर उडवून नाचणं हे सरळ चुकीचं आहे. मागणी आपण करतो म्हणून मालक ते लावतो, त्यामुळे ते बंद करणंही आपल्याच हाती आहे.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तर हे जास्तच मनावर घ्यावं. आईबाप आगटीवरच्या बाईशी कसे बोलतात, हे मुलं बरोबर टिपतात.

येत्या रविवारी हुरड्याला जाणार असाल तर ताटात लागेल तेवढाच घ्या. शेतकऱ्याला विचारा, यंदा पेरा किती, ओल टिकली का, कडबा पुरेल का. आगटीवरच्या बाईंना थोडा वेळ उठवून तुमच्यातल्या दोघांनी कणसं चोळायला बसा आणि त्यांना गरम हुरडा आधी खाऊ द्या. पाण्याच्या खेळांची जागा असेल तर तिथलं बुकिंग करू नका आणि का करत नाही ते मालकाला फोनवर सांगा. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये रास झाली की त्याच शेतकऱ्याकडून घरची ज्वारी घ्या, भावात घासाघीस न करता.