मोडलेली अंगठी

बांगडी फुटली असतां आपल्या घरांतील वडील बायका "फुटली" असें म्हणत नाहींत. "वाढवली" असें म्हणतात. मंगळसूत्र तुटलें तरी तोच शब्द योजितात, आणि लग्नांतील अंगठीला चीर पडली तर "मोडली" हा शब्द उच्चारावयास मन कचरतें. या चालीचा हेतु वाईट नाहीं. अशुभाचें नांव तोंडीं आणूं नये एवढाच आहे. परंतु तींतून एक प्रश्न उद्भवतो, आणि त्याचा विचार वाचकांनीं आमच्याबरोबर करावा अशी आमची इच्छा आहे. जी वस्तु वचनाची खूण म्हणून बोटांत घातली, ती मोडली म्हणजे वचनालाही तडा जातो काय? आणि ती सांधून घेतली, तर ती तीच अंगठी राहते काय?

पनवेल हें आसपासच्या खेड्यापाड्यांचें जुनें बाजाराचें गांव. येथील नगरपालिका १८५२ सालीं स्थापन झाली आणि २०१६ सालीं तिची महानगरपालिका झाली. गांव एवढें वाढलें, तरी मोडका दागिना रुमालाच्या गांठींत बांधून सराफाकडे जाणाऱ्या माणसाला अजूनही तींच दोन उत्तरें मिळतात. एक, "डाख लावून सांधून देतों." दुसरें, "मोडींत घाला आणि नवी घ्या." या दोहोंपैकीं कोणतें पतकरावें?

कोणी म्हणेल, सोनें तें सोनें. नवी घेतली म्हणून काय बिघडलें? परंतु मोडींत दिलेलें सोनें मुशींत दहा घरांच्या सोन्याशीं मिसळतें. नव्या अंगठींत आपल्या जुन्या अंगठीचा एक कण तरी असेल असें सांगतां येत नाहीं. किंमत परत मिळते, वस्तु मिळत नाहीं. बरें, सांधून घेतली, तर आकार तोच राहतो, पण सांध्याच्या जागीं थोडी परकी धातु शिरते. म्हणजे काटेकोरपणें पाहिलें, तर पूर्वीची अंगठी कोणत्याच वाटेनें जशीच्या तशी परत येत नाहीं. यावरून आम्ही असें समजतों कीं, अंगठीचें अंगठीपण केवळ धातूंत नाहीं. ती कोणी कोणाला दिली आणि ती देतांना दिलेला शब्द कोण पाळीत आहे, यांत तें आहे. वचन माणसांनीं दिलें, सोन्यानें दिलें नाहीं. म्हणून सोन्याला चीर पडल्यानें वचन मोडत नाहीं, आणि अपशकुनाचें भय बाळगण्याचेंही कारण नाहीं.

मग दुरुस्तीची यातायात कशाला? याचें उत्तर असें कीं, खूण वचन पाळीत नाहीं हें खरें; तरी खुणेशीं आपण कसे वागतों यावरून आपल्या मनाला वळण लागतें. पहिली चीर दिसतांच जो नव्याची चौकशी करूं लागतो, त्याला माणसांच्या बाबतींतही तीच खोड जडण्याचा संभव असतो.

आतां सांध्याविषयीं. शुद्ध सोनें सुमारें १०६४ अंश सेल्सिअस उष्णतेवर वितळतें. डाख हा अंगठीच्या सोन्याआधीं वितळला पाहिजे. नाहीं तर सांधा बसण्यापूर्वीं अंगठीचेंच पाणी होईल. म्हणून डाखांत तांबें, रुपें, जस्त असें कांहीं मिसळून तो लवकर वितळेल असा करितात. बावीस कॅरट सोन्यांत हजार भागांत ९१६ भाग सोनें असतें. डाखांत सामान्यतः त्याहून कमी. अर्थात् प्रत्येक सांध्यानें कस किंचित् उतरतो. यांत लबाडी नाहीं. सोनारानें सांधा कानशीनें घासून डोळ्यांस दिसेनासा केला, तर तें त्याचें कौशल्य होय. परंतु तीच अंगठी विकतांना डाखाविषयीं मौन धरलें, तर ती फसवणूक होय. डोळ्यांपासून सांधा झांकणें निराळें, आणि ज्याला जाणण्याचा हक्क आहे त्याच्यापासून तो लपविणें निराळें. भांडून पुन्हां एक झालेल्या नवराबायकोनीं आपलें भांडण चावडीवर मांडावें असें नाहीं. पण एकमेकांशीं "कांहीं झालेंच नव्हतें" असें बोलून बसविलेला सांधा फार दिवस टिकत नाहीं.

जपणुकीलाही मर्यादा आहे. बोट सुजून काळेंनिळें पडूं लागलें आणि अंगठी निघत नसेल, तर ती ताबडतोब कापून घ्यावी. अशा वेळीं अशुभ म्हणून अडून बसणें हें खुणेसाठीं देहाचा बळी देणें होय. अंगठी बोटासाठीं आहे, बोट अंगठीसाठीं नाहीं. आणि कापलेली अंगठी पुढें सांधतां येते. तसेंच, मुलाच्या औषधासाठीं जिनें अंगठी विकली, तिनें वचन मोडलें असें कोणी म्हणूं नये. कदाचित् तिनेंच तें पुरतें पाळलें. आणि तळहाताकडची बाजू झिजून तारेसारखी झाली असेल, तर डाखावर डाख देण्यापेक्षां आपल्या डोळ्यांदेखत आटवून त्याच सोन्याची पुन्हां घडवून घेणें शहाणपणाचें.

राहतां राहिली व्यवहाराची गोष्ट. दुरुस्तीस देण्यापूर्वीं व दिल्यानंतर वजन समोर करवून घ्यावें आणि पावती मागावी. १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्यानें लागू झाली. तो शिक्का व त्यासोबतची सहा अक्षर-अंकांची खूण कानशींत जाऊं नये म्हणून आधींच सांगून ठेवावें. मोतीं असल्यास आंच देण्यापूर्वीं काढवावें, कारण ज्वाळेनें तें नासतें. घरीं राखेनें भांडीं घांसतांना व दोर ओढतांना अंगठी काढून ठेवावी. पाऱ्याचा स्पर्श होऊं देऊं नये. त्यानें सोनें पांढरें पडतें व ठिसूळ होतें. धुणें झाल्यास कोमट साबणाचें पाणी आणि मऊ फडकें पुरे.

आणि कोणी विचारलें, "ही अंगठी कधीं मोडली होती काय?" तर "होय, मोडली होती, आम्हीं ती सांधून घेतली" असें सरळ सांगावें. तेवढ्यानें तिचें मोल उणें होतें असें आम्हांस वाटत नाहीं.