मायाजाल आणि प्रपंच : एका दृष्टांताचा विचार

दृष्टांत घेताना त्याचा कोणता अंश दार्ष्टांतिकाशी जुळतो आणि कोणता जुळत नाही, याचा विवेक आधी करावा लागतो. तो सुटला की दृष्टांत बोधाऐवजी भ्रमास कारण होतो. १९९९ साली प्रदर्शित झालेल्या ‘द मॅट्रिक्स’ या विज्ञानकथेवरील इंग्रजी चित्रपटाच्या बाबतीत असा विवेक आवश्यक आहे. यंत्रांनी मनुष्यांचे देह कोशांत जखडले असून ती त्यांच्या मेंदूंना एका कल्पित नगराचा अनुभव देत राहतात. निओ नावाचा तरुण मॉर्फियसच्या साहाय्याने त्यातून बाहेर पडतो, असे त्याचे कथासूत्र आहे. जग मिथ्या असल्याचे हे आधुनिक प्रमाण होय, असे कित्येकांस वाटते.

चित्रपटात धर्मप्रतीके विपुल आहेत. ट्रिनिटी हे नाव ख्रिस्ती त्रैक्याचे, झायन हे यहुद्यांच्या पवित्र नगरीचे. मॉर्फियसच्या जहाजाला बाबिलोनच्या नेबुखद्नेस्सर राजाचे नाव दिले आहे. मुंडित मस्तकाचा एक बालक ‘चमचा नाहीच’ असे सांगतो. २००३ सालच्या तिसऱ्या भागाच्या शेवटी तर बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थना गायिली जाते. परंतु प्रतीके एकत्र केल्याने सिद्धांत होत नाही.

येथे शंका अशी : या कथेने प्रपंचाचे मिथ्यात्व सिद्ध होते काय? समाधान असे की, होत नाही. कथेतील नगर आभासरूप आहे. पण कोशातील देह, त्यांना बांधणारी यंत्रे आणि उजाड झालेली पृथ्वी ही तेथेही खरीच आहेत. बांधला गेलेला कोणी खरोखर नसेल, तर सुटका कोणाची? जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न मानणाऱ्या महानुभाव दर्शनात कार्यरूप प्रपंच अनित्य आहे, मिथ्या नव्हे. मातीचे भांडे फुटते म्हणून ते नव्हतेच, असे म्हणता येत नाही. अनित्याला मिथ्या म्हटले की कर्मही मिथ्या ठरते, आणि मग आचाराला आधारच उरत नाही.

दृष्टांताचा उत्तम अंश सायफरच्या प्रसंगात आहे. जहाजावरील बेचव अन्नाला कंटाळून तो पुन्हा त्या आभासनगरात शिरतो. समोरचा मांसाचा तुकडा खरा नाही हे त्यास ठाऊक आहे. तरी त्याची चव त्यास हवी आहे, आणि सत्याची आठवणही नको आहे. तो रसनेला वश होतो, हा विकार. ज्याने बाहेर काढले त्याच्याच वचनाविषयी त्याचे मन उलटते, हा विकल्प. शेवटी सोबत्यांचे प्राण घेतो, ही हिंसा. तिन्ही दोष येथे एकामागून एक येतात. त्याचे अज्ञान नाहीसे झाले होते, तरीही तो पडला. म्हणून केवळ कळणे पुरेसे नाही, हा बोध भिक्षान्नावर राहणाऱ्या साधकाने विशेष जपावा. संन्यास घेतल्यावर नीरस घासाच्या वेळी पूर्वाश्रमीचे ताट आठवते, तेथेच या दोषांचा आरंभ असतो.

मात्र दोन अंश मुळीच ग्राह्य नाहीत. पहिला असा की, निओ स्वतः बद्ध होता. त्यास मॉर्फियसने सोडविले, आणि मॉर्फियसही कधीकाळी बद्धच होता. बद्धाने बद्धास सोडविण्याची ही परंपरा मागे नेली तर कोठेही थांबत नाही. जो नित्यमुक्त आहे आणि कृपावश होऊन मनुष्यवेष स्वीकारतो, त्या परमेश्वरावाचून जीवाचा उद्धार संभवत नाही. देवता आपापली फळे देतात. मोक्ष त्यांच्या अधिकारात नाही.

दुसरा अंश अधिक गंभीर आहे. जे अद्याप आभासात गुंतले आहेत त्यांना मॉर्फियस शत्रुपक्षात गणतो, आणि निओ निःशंकपणे पहारेकऱ्यांवर गोळ्या झाडतो. ते पहारेकरी कोण? कोशात निजलेले जीवच. ज्यांच्या मुक्तीसाठी हा खटाटोप, त्यांचाच वध! बद्ध जीव करुणेचा विषय आहे, वैराचा नव्हे. ज्यास स्वतःचे बंधन खरोखर कळले, त्याचा हात दुसऱ्या बद्धावर उठत नाही. उठत असेल, तर त्याचे जागे होणे अजून अपुरे आहे.