तरतूद करणे हा अविश्वास आहे काय?

आपल्या प्रभूने डोंगरावरील प्रवचनात उद्याची चिंता करू नका असे शिकविले (मत्तय ६:३४). त्याच पवित्र शास्त्रात आळशी मनुष्याला मुंगीकडे पाठविले आहे, कारण ती सुगीच्या दिवसांत आपले अन्न साठवून ठेविते (नीतिसूत्रे ६:६-८). शब्बाथशाळेच्या वर्गात ही दोन वचने लागोपाठच्या रविवारी आली, म्हणजे एखादे चौकस लेकरू विचारतेच, "मग घरात धान्य भरून ठेवावे की नाही?" ह्या प्रश्नाला हसून बगल देणे बरे नाही. मोठ्यांच्या मनातही तो असतो. कोणी डबे भरून ठेविले तर आपण त्यास व्यवहारी म्हणतो, आणि मनात मात्र त्याचा विश्वास थोडा समजतो. कोणी काहीच ठेविले नाही तर त्यास विश्वासू म्हणतो, आणि महिनाअखेरीस त्याच्या उसनवारीला कंटाळतो.

प्रथम चिंता आणि तरतूद ह्यांतील भेद पाहू. रानात इस्राएल लोकांस मान्ना मिळत असे. ज्यांनी लोभाने तो दुसऱ्या दिवसासाठी ठेविला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. पण सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून शब्बाथासाठी ठेवा अशी देवाचीच आज्ञा होती, आणि तो ठेविलेला मान्ना नासला नाही (निर्गम १६). अन्न तेच, भांडे तेच, ठेवणारे हातही तेच. फरक होता तो ठेवण्यामागील कारणात. तेव्हा साठविणे हे स्वतः पाप नाही आणि पुण्यही नाही. कशासाठी साठविले, हे विचारले पाहिजे.

लूकाच्या बाराव्या अध्यायातील धनवान शेतकऱ्याला प्रभूने मूर्ख ठरविले, ते त्याला पीक चांगले आले म्हणून नव्हे. त्याचे सगळे बोलणे वाचून पाहा. तो केवळ आपल्या जिवाशी बोलतो. शेतात राबणारे गडी, दारचा भिकारी, शेजारची विधवा, ह्यांपैकी कोणीही त्याच्या हिशेबात नाही. त्याची कोठारे मोठी होती, पण घर मात्र एकट्याचेच होते.

आता योसेफाकडे येऊ. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा राखून ठेवा असा सल्ला त्याने फारोला दिला, आणि त्यामुळे मिसर देश वाचला. शब्बाथशाळेत आपण येथेच थांबतो. परंतु उत्पत्तीचा सत्तेचाळीसावा अध्यायही मुलांपुढे ठेवावा. दुष्काळ वाढला तसे लोकांनी धान्यासाठी प्रथम पैसा दिला, मग गुरे दिली, शेवटी जमिनी आणि स्वतःलाही फारोच्या हवाली केले. लोक जगले खरे, पण फारोचे दास होऊन जगले. योसेफाच्या शहाणपणाची थोरवी आम्ही कमी करीत नाही. पण कोठार भरणे हे अर्धेच काम आहे, आणि किल्ली कोणाच्या हाती राहते हे दुसरे अर्धे, एवढे ह्या अध्यायावरून उघड होते.

हा विचार भोपाळच्या गोविंदपुऱ्यासारख्या ठिकाणी चांगला पारखून पाहता येतो. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी निघाली आणि भोपाळात तिचा कारखाना उभा राहिला. तोच पुढे भेल म्हणून ओळखला जाऊ लागला. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे आली. त्यांत मराठी घरेही होती. क्वार्टर, दवाखाना, शाळा, ठरल्या तारखेस पगार, असे ते जीवन होते. जवळच्या औद्योगिक वसाहतीत मात्र लहान लहान कारखाने. ऑर्डर आली तर काम, काम असेल तर रोजी. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली तेव्हा हा फरक सर्वांना दिसला. महिन्याचे धान्य भरणाऱ्याला टाळेबंदी म्हणजे घरी बसणे होते. रोज संध्याकाळी पावकिलो डाळ आणणाऱ्याला त्याच दिवशी चुलीची काळजी लागली. त्याने साठविले नाही ते आळसामुळे नव्हे. ज्याच्या हाती आजच्यापुरतेच येते त्याला मुंगीचा धडा वाचून दाखविणे हे निर्दयपणाचे आहे.

त्याच भोपाळ शहराने ह्याहून कठीण धडा २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री शिकविला. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे चाळीस टन विषारी वायू सुटला आणि झोपेतल्या वस्तीवर पसरला. हजारो माणसे मेली, लाखो लोकांच्या शरीरांत त्याने कायमचे घर केले. त्या रात्री कोणाच्या घरी किती धान्य होते ह्याला काही अर्थ उरला नाही. उपयोगी पडले असते ते एक ओले फडके. तो वायू हवेहून जड, जमिनीलगत सरकणारा. पाण्याशी त्याचा संयोग होतो. तोंडावर ओला कपडा धरावा आणि वाऱ्याच्या दिशेने न धावता आडव्या बाजूने निघून जावे, एवढे ज्याला ठाऊक होते त्याला वाचण्याची आशा अधिक होती. पण आसपासच्या वस्तीला हे कोणी शिकविले नव्हते. लोक घाबरून धावले, आणि धावताना त्यांनी अधिक खोल श्वास घेतले. ज्यांच्या दारी हा कारखाना होता त्यांच्यापासून त्याचे ज्ञान मात्र कुलपात राहिले.

म्हणून आमचे म्हणणे असे की, ज्ञान हेही कोठार आहे. ते वाटल्याने कमी होत नाही, आणि दडवून ठेविले तर जीव घेते. मराठवाड्यात नि सोलापूरकडे पूर्वी जमिनीखालच्या पेवात ज्वारी साठवीत. फार दिवस बंद राहिलेले पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये, आधी वारे खेळू द्यावे, हे जुनी माणसे जाणत. कारण आतली कोंडलेली हवा माणसाला मारते. कुटुंबाच्या पुंजीचेही असेच आहे.

त्याच रात्री भोपाळ स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर कामावर होते. त्यांनी फलाटावर उभी असलेली गाडी वेळेपूर्वीच पुढे सोडली आणि येणाऱ्या गाड्या थांबविण्यासाठी निरोप पाठविले. स्वतः मात्र वायूत राहून ते काम करीत राहिले, आणि त्याचे परिणाम त्यांनी पुढे सोसले. स्वतःच्या घराचीच तरतूद पुरेशी मानणाऱ्याला ह्या मनुष्याचा अर्थ लागणार नाही.

येथे एक शंका येईल. दहा कुमारींच्या दाखल्यात शहाण्या कुमारींनी आपले तेल मूर्ख कुमारींस दिले नाही (मत्तय २५). मग आपणच का वाटावे? आम्हांस वाटते की तो दाखला प्रभूच्या येण्यासाठी जागृत राहण्याविषयी आहे. जागृती उसनी मिळत नाही. बापाचा विश्वास मुलाच्या खात्यावर जमा होत नाही. पण भाकरी ही उसनी देता येते. त्याच अध्यायाच्या शेवटी, भुकेल्यास खावयास दिले की नाही, हाच प्रश्न न्यायाच्या दिवशी विचारला जातो. एका अध्यायातील ह्या दोन गोष्टी एकत्र वाचाव्यात.

अंत्युखियाच्या मंडळीने आपल्याला ह्याविषयी मार्ग घालून दिला आहे. मोठा दुष्काळ येणार असे अगबाने सांगितले तेव्हा तेथील शिष्यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदियातील बंधूंस मदत पाठविण्याचे ठरविले (प्रेषितांची कृत्ये ११:२७-३०). संकटाची बातमी आली आणि मंडळीने कोठारांना कुलपे घातली असे तेथे लिहिलेले नाही.

आपल्या महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी १८७० च्या दशकातील दुष्काळात आपले आईवडील नि थोरली बहीण गमावली होती. भुकेची ही ओळख त्या विसरल्या नाहीत. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या व शेकडो मुलींना, विधवांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, सर्व काही होते, आणि तेथील स्त्रिया ते स्वतः चालवीत. खरे स्वावलंबन हे असे असते. ज्याला काल हात दिला त्याच्याच हाताला आज काम येते.

आता घरात काय करावे? तीन आठवड्यांचे धान्य, डाळ, मीठ, तेल, आणि झाकणाच्या भांड्यात पिण्याचे पाणी. जुने आधी वापरून नवे मागे ठेवावे. टॉर्च, काडेपेटी, रोजची औषधे. रेशनकार्ड, पासबुक, बाप्तिस्म्याचा दाखला एका पत्र्याच्या पेटीत. विजेचा मुख्य खटका आणि गॅसची टोपी घरातल्या लहानथोरांना बंद करता यावी. जवळच्या कारखान्यात काय बनते आणि अपघात झाल्यास काय करावे, हे मंडळीने विचारून घ्यावे. तो आपला हक्क आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी वर्गाकडून गल्लीची यादी करून घ्यावी: कोण अंथरुणाला खिळले आहे, कोण एकटे राहते, कोणाला ऐकू येत नाही. मिझोराममधील ख्रिस्ती भगिनी प्रत्येक स्वयंपाकापूर्वी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. तशी एक मूठ आपल्याही डब्यातून निघू शकते. आणि रोजंदारीवरचे जे कुटुंब काहीच साठवू शकत नाही, त्याचा साठा ह्या मुठींतून मंडळीने ठेवावा.

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, ती एकट्यासाठी मागत नाही. तेथे शब्द 'आम्हांस' असा आहे. ज्याच्या डब्यात तीन आठवड्यांचे पीठ आहे त्यानेही ही प्रार्थना मनापासून करावी, आणि 'आम्हांस' म्हणताना त्यात कोण कोण आले हे आठवावे. सारफथच्या विधवेजवळ मूठभर पीठ होते. तिने त्यातून आधी एलीयाला दिले, आणि मडके रिकामे झाले नाही. तिचे मडके लहान होते, पण ते उघडे होते. आपल्या घरांतील मडकी भरलेली असोत, आणि उघडीही असोत, अशी कृपा देव आपणां सर्वांवर करो.