न विकलेल्या सल्ल्याचा हिशेब

मध्यम उद्योग कशाला म्हणावे हे शासनाने गुंतवणूक आणि उलाढाल या दोन मापांनी ठरविले आहे. 2020 साली उलाढालीची मर्यादा 250 कोटी रुपये होती, 1 एप्रिल 2025 पासून ती 500 कोटी झाली, आणि त्या उद्योगात किती माणसे राबतात हा प्रश्न दोन्ही वेळा व्याख्येबाहेरच राहिला. कर्ज आणि सवलती यांच्या वाटपासाठी हे माप सोयीचे असेल. परंतु अशा ठिकाणी ज्याने चाकरी केली आहे त्याला मध्यमपणाची खूण निराळ्याच जागी आढळते. संस्थापक प्रत्येकाला नावानिशी ओळखतो तोवर कंपनी लहान असते, आणि बहुसंख्य नोकरांना संस्थापक केवळ छायाचित्रातून ठाऊक असतो तेव्हा ती मोठी झालेली असते. या दोहोंच्या दरम्यान एक काळ येतो, ज्यात आरंभीची वीस-पंचवीस माणसे संस्थापकाशी अजून एकेरीत बोलतात, पण मागाहून रुजू झालेल्या दोन-अडीचशे जणांसाठी हजेरी, टार्गेट आणि रोजचा अहवाल यांचा अंमल सुरू झालेला असतो. हाच मध्यमपणाचा काळ. तो फार टिकत नाही. पण कंपनीचे शिरस्ते याच काळात पडतात, आणि एकदा पडलेला शिरस्ता मोडणे पुढे कोणाच्याही हाती राहत नाही, म्हणून त्याचा विचार गांभीर्याने झाला पाहिजे असे मला वाटते.

मी ज्या प्रकारच्या कंपनीविषयी लिहीत आहे ती शेतकऱ्याला फोनवरून पिकाचा सल्ला देते आणि बियाणे, खते, औषधे घरपोच विकते. पुण्यात अशा कंपन्या गेल्या दहा-बारा वर्षांत उभ्या राहिल्या. त्यांपैकी ॲग्रोस्टार 2013 साली सुरू झाली, आणि शेतकऱ्याने एक मिस्ड कॉल द्यावा, मग कंपनीने उलट फोन करून त्याची अडचण ऐकावी, ही पद्धत तिच्यामुळे पुष्कळांच्या परिचयाची झाली. मी चाकरी केली ती कंपनी दुसरी. तिचे नाव येथे प्रयोजनाचे नाही. केंद्र शासनाने याच्याही पूर्वी, 21 जानेवारी 2004 रोजी, किसान कॉल सेंटर सुरू केले होते, आणि तेथेही कृषी पदवीधरच शेतकऱ्याच्या भाषेत उत्तर देत असतात. दोहोंतील भेद एवढाच, की शासनाचा सल्लागार काही विकत नाही आणि खासगी कंपनीचा सल्लागार ज्या फोनवर सल्ला देतो त्याच फोनवर ऑर्डरही घेतो. भेद दिसायला लहान आहे, परंतु या नोकरीतील सर्व सुखदुःख त्यातूनच निघते.

वाशिम जिल्ह्याचा संबंध येथे येतो. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सोयाबीन हे खरिपाचे मुख्य पीक, त्याच्या जोडीला तुरीची ओळ, आणि बहुतेक शेती पावसाच्या भरवशावर. येथील पुष्कळ मुले अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून किंवा त्याच्या संलग्न महाविद्यालयांतून पदवी घेतात. पुढे काही स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासात वर्षे घालवितात, आणि काही पुण्याला जाऊन कानाला हेडफोन लावून बसतात. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या तालुक्यांतून आलेला फोन अशा मुलाकडे गेला, की पहिल्या मिनिटातच संभाषणाचा बाज पालटतो. समोरचा शेतकरी आरंभी ‘साहेब’ म्हणत असतो. बोलणारा वाशिमकडचा आहे हे कळताच तो ‘भाऊ’ म्हणू लागतो, आणि मग सोयाबीन पिवळे पडले एवढे सांगून न थांबता वावर उतरत्या बाजूला आहे, धुऱ्याकडे पाणी साचते, डवरणी अजून व्हायची आहे, असा सगळा तपशील आपण होऊन देतो. सल्ल्याला खरा आधार या तपशिलाचा असतो. पाने पिवळी पडण्याची कारणे अनेक आहेत: पाणी साचून मुळांना हवा न मिळणे, लोहाची कमतरता, किंवा पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक. पहिल्यावर निचरा हा उपाय, दुसऱ्यावर सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी. तिसरा मात्र विषाणूजन्य असल्यामुळे रोगट झाड उपटून नष्ट करणे आणि माशीचा बंदोबस्त करणे याहून अधिक काही करता येत नाही, आणि झालेला रोग बरा करणारे औषध जगात कोठेही मिळत नाही. हे शेतकऱ्याला पटेल अशा शब्दांत सांगणे हे त्या नोकरीतील सर्वांत कठीण काम होते, कारण त्याने फोन केलेला असतो तो औषधाचे नाव विचारण्यासाठी.

2020 च्या खरिपाचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत बोलके वाटते. टाळेबंदीमुळे पुण्याचे कार्यालय बंद होते आणि आमच्यापैकी अनेक जण आपापल्या गावी, घरातल्या एका खोलीत बसून, तीच कामे करीत होते. जूनच्या पेरण्या झाल्या आणि विदर्भ-मराठवाड्यातून सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारींचा ओघ सुरू झाला. कृषी विभागाकडे तक्रारी गेल्या, पंचनामे झाले, प्रकरण न्यायालयातही पोहोचले. कारणांचा शोध घेताना बोट बहुतांशी आदल्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरकडे जात होते: काढणीच्या ऐन वेळी आलेल्या पावसात उभे आणि कापलेले पीक भिजले होते, आणि सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असल्यामुळे असे भिजलेले बियाणे आपली उगवणशक्ती फार लवकर गमावते. पिशवीतले बियाणे असो वा घरचे, धोका सर्वत्र होता, आणि त्यावर पेरणीपूर्वी करण्याजोगा उपाय एकच होता. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडावे, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, पाणी शिंपडत राहावे, आणि पाचसहा दिवसांनी उगवलेले दाणे मोजावे. सत्तर वा त्याहून अधिक उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरावे, त्याहून कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे, आणि फारच कमी असेल तर ते बियाणे वापरूच नये. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे, त्यामुळे सरळ वाणाचे घरचे चांगले बियाणे दोन-तीन वर्षे वापरता येते, दर वर्षी नवी पिशवी घेणे अपरिहार्य नाही. हे सगळे ज्ञान कृषी विद्यापीठाच्या पहिल्या वर्गातले आहे, वाशिम जिल्ह्यातल्या करडा येथील कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्था ते वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. पण ज्या कंपनीच्या गोदामात सोयाबीनच्या पिशव्या रचून ठेवलेल्या आहेत तिच्या सल्लागाराने हे सांगणे म्हणजे आपल्याच हाताने एक ऑर्डर घालविणे होय. फोन वीस मिनिटे चालतो, शेतकरी समाधानाने आभार मानतो, आणि दिवसअखेरच्या तक्त्यात त्या वीस मिनिटांच्या पुढे शून्य लिहिले जाते.

या शून्यामागे कोणाची दुष्ट बुद्धी नसते. कंपनी लहान होती तेव्हा संस्थापक स्वतः फोन ऐकत. कोणत्या मुलाने कोणत्या शेतकऱ्याला फवारणी नको म्हणून सांगितले आणि तोच शेतकरी दिवाळीनंतर रब्बीच्या हरभऱ्यासाठी कसा परत आला, हे त्यांच्या स्मरणात राहत असे, आणि स्मरण हेच त्या वेळचे दप्तर होते. माणसे वाढली तेव्हा स्मरण पुरेनासे झाले आणि तक्ता आला. तक्त्यात कॉलची संख्या, कॉलची सरासरी मिनिटे, ऑर्डर आणि ऑर्डरची रक्कम, हे रकाने आखले गेले. कारण हे मोजता येते. न विकलेल्या सल्ल्यासाठी रकाना कोणी आखला नाही. तो काढून टाकला गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो कधी सुचलाच नाही. परंतु मध्यम आकाराच्या कंपनीत जे दप्तरी नाही ते घडलेच नाही असे समजले जाते, आणि तीन-चार हंगामांत नव्या मुलांना ही गोष्ट कोणी न सांगताही कळते. सोयाबीनवर उंटअळी आहे असे शेतकरी म्हणतो. ओळीच्या एका मीटरात साधारणपणे चार अळ्या सापडल्याखेरीज फवारणी करू नये ही आर्थिक नुकसानीची पातळी त्या मुलाला तोंडपाठ असते. पण अळ्या मोजून पुन्हा फोन करा असे सांगितले तर तो फोन कदाचित दुसऱ्याच सल्लागाराकडे जाईल, आणि महिनाअखेर जवळ आलेली आहे. मग तो मोजायला सांगत नाही. येथे त्याचे काही एक नैतिक अधःपतन झाले असे मी मानीत नाही. त्याच्या पदवीतले जे सर्वांत मोलाचे होते ते वापरण्याची मुभा त्याला उरली नाही, इतकेच झाले, आणि माझ्या मते ही हानी त्याच्या पगाराच्या कोणत्याही प्रश्नापेक्षा मोठी आहे.

ही केवळ धंद्याच्या नीतीची गोष्ट असती तर तिच्यावर इतके लिहिले नसते. मानोरा आणि कारंजा या तालुक्यांच्या सीमेपलीकडे यवतमाळ जिल्हा लागतो, आणि त्या जिल्ह्यात 2017 च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दमट हवा, संरक्षक साधनांचा अभाव, दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याची पडलेली सवय, अशी अनेक कारणे त्या वेळी पुढे आली. पुढे 2022 साली केंद्र शासनाने परवानाधारक विक्रेत्यांना कीटकनाशके ऑनलाइन विकून घरपोच देण्याची वाट कायद्याने मोकळी केली. म्हणजे आता बाटली दारात येणार, आणि ती उघडण्यापूर्वी शेतकरी ज्याच्याशी शेवटचा बोलला तो माणूस पुण्यात हेडफोन लावून बसलेला असणार. अशा माणसाच्या तोंडून ‘ही दोन औषधे एकत्र करू नका’ आणि ‘या आठवड्यात फवारूच नका’ ही वाक्ये निघणे हा सौजन्याचा भाग नव्हे, तो त्याच्या कर्तव्याचा गाभा आहे.

याला उत्तर दिले जाते ते असे, की पगार विक्रीतूनच येतो आणि विक्री नसेल तर सल्लाही बंद पडेल. हे उत्तर खोटे नाही, आणि ते देणाऱ्यांच्या मनावर गुंतवणूकदारांच्या मुदतीचे जे ओझे असते ते मी जवळून पाहिलेले आहे. परंतु या कंपन्यांची स्पर्धा कोणाशी आहे हे पाहिले पाहिजे. वाशिमच्या वा रिसोडच्या बाजारपेठेतील कृषी केंद्राचा चालक शेतकऱ्याला ओळखतो, त्याच्या बापाला ओळखत होता, आणि मुख्य म्हणजे तो उधारीवर माल देतो. हिशेब सोयाबीन बाजार समितीत विकल्यावर होतो. ऑनलाइन कंपनी पार्सल हाती पडताच रोख मागते. उधारीच्या बळापुढे टिकायचे तर तिच्यापाशी एकच भांडवल आहे: दुकानदार जे सहसा सांगणार नाही ते ती सांगू शकते. हे भांडवल तक्त्याने खाऊन टाकले तर तिच्यापाशी काय उरते? किमतीतील थोडी सवलत, जी उद्या तिच्याहून दहापट मोठी कंपनी अधिक देऊ शकेल.

कामाच्या तासांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यात वाद घालण्यासारखे फार नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना 1890 साली रविवारची सुट्टी मिळाली, आणि 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमाने त्या वेळी दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा व साप्ताहिक सुट्टी लेखी करून ठेवली. पेरणीच्या पंधरवड्यात जादा बसावे लागणे मी समजू शकतो. शेतकऱ्याचा पाऊस वार पाहून येत नाही. पण ते जादा तास नोंदवावे, त्यांचा मोबदला द्यावा, आणि ‘आपण सगळे एक कुटुंब’ हा लहान कंपनीतला शब्द मोठ्या होत चाललेल्या कंपनीने हिशेबाच्या ठिकाणी वापरू नये.

आता राहिली कार्यालयाची जागा. ज्या वाशिमातून वाकाटक राजघराण्याच्या वत्सगुल्म शाखेचा कारभार चाले तेथून सोयाबीनचा सल्ला देता येणार नाही, असे मानण्यास काही आधार नाही. तामिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यात झोहो कंपनीने 2011 पासून कार्यालय चालविले आहे, आणि तेथे बसलेली माणसे जगभर विकले जाणारे सॉफ्टवेअर घडवितात. आमचे काम तर त्याहून कितीतरी स्थानिक. 2020 मध्ये गावी बसून काम करणारे आम्ही सकाळी शेतात जात होतो, चक्रीभुंग्याने कापलेली फांदी हातात घेऊन पाहत होतो, आणि दुपारी त्याच किडीविषयी बोलत होतो. त्या हंगामातील आमच्या सल्ल्यात जी नेमकेपणाची धार होती ती नंतर पुण्याच्या काचेच्या इमारतीत पुन्हा आली नाही. विजेचा खोळंबा होई, नेटवर्क जाई, हे खरे. त्यावर बॅटरी आणि दुसरी जोडणी एवढाच उपाय लागत असे, आणि आता समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून गेल्यामुळे पुण्या-मुंबईचे अंतरही पूर्वीचे राहिलेले नाही.

म्हणून अशा कंपन्या चालविणाऱ्यांपुढे मी दोन गोष्टी ठेवतो, आणि त्या मध्यमपणाच्या याच काळात होऊ शकतात. दैनिक अहवालात एक रकाना वाढवावा: आज किती जणांना काही विकत न घेण्याचा सल्ला दिला आणि त्यांतील किती जण पुढच्या हंगामात परत आले, आणि त्या रकान्याला ऑर्डरच्या रकान्याइतकेच वजन बढतीच्या वेळी द्यावे. आणि विदर्भाच्या फोनसाठी निदान वीस सल्लागारांचे कार्यालय वाशिमला उघडावे, मे महिन्यात, म्हणजे गोणपाटातल्या उगवण चाचणीचे फोन पेरणीपूर्वी तेथून करता येतील, आणि चाचणीच्या पंधरा दिवसांपुरते कोणालाही टार्गेट देऊ नये.