न पाहिलेल्या विक्रेत्यावरचा विश्वास

ज्याचा चेहरा पाहिला नाही, ज्याचे दुकान कुठे आहे ठाऊक नाही, त्याच्या शब्दावर पैसे द्यावेत का, आणि द्यायचे तर कशाच्या आधारावर, हा प्रश्न व्यवहाराचा आहे तितकाच प्रमाणशास्त्राचा आणि धर्मविचाराचाही आहे. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी तो रोजच पडतो. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरच्या या गावाचे जुने नाव वाढोणा. परमेश्वराचे मंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा ही त्याची ओळख. अशा गावी पंक्चर काढून मिळते, ब्रेक आणि चेनही बदलून मिळते. पण गियरच्या सायकलची कॅसेट, डिरेलर किंवा चांगले हेल्मेट हवे असले, की मोठे शहर गाठायचे किंवा मोबाइलवर मागवायचे, एवढेच उरते. पंढरपूरची सायकलवारी करणाऱ्यांची संख्या वाढली तशी या वस्तूंची गरजही लहान गावांपर्यंत आली.

दुसऱ्याच्या शब्दावरून मिळणारे ज्ञान खरे केव्हा मानावे, याची सर्वांत बारीक चर्चा न्यायदर्शनात आहे. नैयायिकांनी शब्दाला प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या बरोबरीचे प्रमाण मानले, मात्र तो शब्द आप्ताचा असावा अशी अट घातली. आप्त म्हणजे नातलग नव्हे. भाष्यकार वात्स्यायनाच्या मते ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वस्तूखाली लिहिलेले अभिप्राय या दोन अटींवर घासून पाहिले की बरेच गळून पडतात. खोके उघडताक्षणी पाच तारे देणाऱ्या ग्राहकाचा हेतू शुद्ध असतो, पण त्याने मागवलेले पेडल पावसात शंभर किलोमीटर चालवलेले नसते. पहिली अट तिथे तुटते. पैसे घेऊन अभिप्राय लिहिणाऱ्याकडे वस्तूची माहिती असूही शकते, पण त्याच्यापाशी दुसरी अट नसते. दोन महिने वापरून काय चांगले आणि काय झिजले हे सांगणारा एकच साधा अभिप्राय अशा शंभरांहून मोलाचा.

वात्स्यायन पुढे जे म्हणतो ते आजच्या फसवणुकीच्या संदर्भात फार महत्त्वाचे आहे. आप्ताचे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू पडते, असे तो स्पष्ट सांगतो. म्हणजे शब्दाची किंमत बोलणाऱ्याच्या कुळावर, वेषावर किंवा भाषेवर ठरत नाही. फसवणारे नेमके याच्या उलट सवयीवर जगतात. जुनी सायकल विकतो म्हणणारा स्वतःला सैन्यातला जवान सांगतो, गणवेशातला फोटो पाठवतो, बदली झाल्याने घाईत विकतो आहे असे म्हणतो. हा प्रकार देशभर असंख्यांच्या बाबतीत घडला आहे. जवानाबद्दलचा आदर खरा असतो, म्हणूनच तो उसना घेता येतो. आपल्याच बोलीत बोलणारा, आपल्याच आडनावाचा, फोटोत देवघर दाखवणारा विक्रेता यामुळे अधिक खरा ठरत नाही, तसाच परप्रांतातला, तुटक हिंदी बोलणारा विक्रेता यामुळे खोटाही ठरत नाही.

ज्ञानाचे खरेपण कुठून येते, यावर मीमांसक आणि नैयायिक यांचा मोठा वाद झाला. मीमांसक कुमारिल भट्टाच्या परंपरेत ज्ञान मुळात प्रमाणच मानले जाते. बाधक काही आढळले तरच ते सोडायचे. नैयायिक म्हणतात की खरेपण बाहेरून पटावे लागते, आणि ते पटते यशस्वी कृतीतून: पाणी दिसले, जवळ गेल्यावर तहान भागली, म्हणजे दिसले ते खरे. रोजचे जगणे पहिल्या रीतीने चालते, आणि ते तसेच चालले पाहिजे. प्रत्येक भाजीवाल्याची चौकशी करत कोणी बसत नाही. दूरच्या खरेदीत मात्र दुसरी रीत उपयोगी पडते. नवव्या शतकातल्या जयंत भट्टाने तिच्यात एक भेद केला आहे. ज्याचे फळ लगेच डोळ्यांना दिसते अशा गोष्टीत संशय असतानाही माणूस हात घालू शकतो, कारण कृतीच निकाल देते. ज्याचे फळ अदृष्ट आहे आणि ज्याला फार पैसा व कष्ट लागतात, तिथे आधीच निश्चय हवा.

सायकलच्या सामानात हा भेद अगदी ठळक दिसतो. तीनशे रुपयांचा मागचा दिवा मागवला, लागला तर ठीक, नाही लागला तर परत केला. इथे संशय घेऊन पुढे जाण्यात फारसे काही बिघडत नाही. कॅसेट हबवर बसते की नाही हे मेकॅनिक पाच मिनिटांत सांगतो. हेल्मेटचे तसे नाही. त्याच्या आतला फोम आघात एकदाच शोषतो आणि त्यातच निकामी होतो. खरे हेल्मेट आणि हुबेहूब नक्कल यांतला फरक डोक्याला मार बसतो त्या क्षणीच कळतो, आणि तेव्हा परत करण्याजोगे काही उरलेले नसते. जी वस्तू मोडल्याशिवाय तपासता येत नाही, तिच्याबाबतीत ग्राहकाच्या हाती शब्दच राहतो: ईएन १०७८ सारख्या मानकाचा शिक्का, उत्पादकाचे नाव, अधिकृत विक्रेत्याचे बिल. म्हणून हेल्मेट अर्ध्या किमतीत, अनोळखी पानावरून घेणे हा दिवा घेण्याइतका साधा धोका नाही. तिथे पुरवठ्याच्या साखळीतली प्रत्येक कडी आप्ताची असावी लागते. नकली हेल्मेट विकणारा पैसे लुबाडतोच, पण त्याचे खरे पाप त्या रकमेपेक्षा कितीतरी मोठे आहे.

धर्मशास्त्राने खरेदी-विक्रीनंतरच्या पश्चात्तापाला व्यवहाराचे स्वतंत्र प्रकरण दिले, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. मनुस्मृतीत दहा दिवसांच्या आत वस्तू परत देण्या-घेण्याची मुभा आहे. याज्ञवल्क्याने वस्तूनुसार परीक्षेचा काळ ठरवून दिला: बियाण्याला दहा दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, दुभत्याला तीन, लोखंडाला एक. याज्ञवल्क्यस्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणी चालुक्यांच्या राजधानीत, म्हणजे लातूर-नांदेडला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातल्या आजच्या बसवकल्याणात लिहिली. स्मृतिकार नारद तर आणखी कडक आहे. निर्दोष माल दाखवून सदोष माल देणाऱ्याकडून ग्राहकाला दुप्पट किंमत मिळवून द्यावी आणि वर तेवढाच दंड वसूल करावा, असे तो सांगतो. चित्रात एक आणि खोक्यात दुसरे, या तक्रारीला दिलेले हे फार जुने उत्तर आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीही जाहिरातीप्रमाणे नसलेली किंवा सदोष वस्तू परत घेणे विक्रेत्यावर बंधनकारक केले. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, अशी मुदतही घातली.

इस्लामी परंपराही याच दिशेने जाते. कुराणातली सर्वांत मोठी आयत, दुसऱ्या सूरेतली २८२ वी, उधारीचा करार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार घेण्याबद्दल आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये असे ती बजावते. हनफी फिकहमध्ये, म्हणजे त्या पंथाच्या विधिशास्त्रात, न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर सौदा ठेवण्याचा किंवा मोडण्याचा हक्क ग्राहकाला आहे. श्रद्धावंतांच्या आपसातल्या व्यवहारालाही कागद आणि साक्षीदार लागावेत, यात त्या श्रद्धेचा कोणताच अपमान मानलेला नाही.

मग श्रद्धेचे काय? देवावर पुरावा न मागता विश्वास ठेवणाऱ्याने माणसाकडे पुरावा मागावा, हे विसंगत नाही का? वारकरी परंपरेतल्या दामाजीपंतांच्या कथेत याचे उत्तर सापडते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली आणि विठोबाने विठू महार होऊन बिदरच्या बादशहाकडे धान्याची किंमत भरली, ही कथा महिपतीने १७६२ च्या ‘भक्तविजया’त सांगितली आहे. त्या कथेत विठोबा पैसे भरून नुसता परत फिरत नाही. तो भरल्याची पावती घेतो आणि ती दामाजीपंतांपर्यंत पोहोचवतो. भक्ताचा देवाशी असलेला संबंध पावतीवाचूनचा आहे, दरबाराशी असलेला नाही, आणि ही दोन नाती कथेने एकमेकांत मिसळू दिलेली नाहीत. देवावरच्या श्रद्धेत भक्त स्वतःला अर्पण करतो. तिथे फसण्याचा हिशेब नसतो. विक्रेत्यावरच्या विश्वासात ठरलेली वस्तू ठरलेल्या किमतीला मिळणे एवढेच अपेक्षित असते, आणि प्रामाणिक विक्रेत्याला तपासणीचा राग येत नाही.

जुन्या हुंडीच्या, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी आदेशाच्या, व्यवहारात ही तपासणी रचनेतच होती. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसालाच मिळत, तो तसा आहे याची खात्री पैसे देणाऱ्याने करायची असे. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोहोचला तरच देय होत. ‘माल हाती आल्यावर पैसे’ ही आजची सोय याच कुळातली. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने पैसे क्षणात पोहोचवले, पण त्याबरोबर तपासणीचा मधला अवकाशही गेला, आणि फसवणूक त्याच जागी शिरली. ‘दहा मिनिटांत ऑफर संपेल’, ‘आधी टोकन पाठवा, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ ही वाक्ये विचाराचा वेळ काढून घेण्यासाठीच असतात. पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन लागतो तो देण्यासाठी. ‘क्यूआर स्कॅन करा, रिफंड येईल’ असे सांगणारा म्हणूनच खोटा असतो, मग त्याचा आवाज कितीही आर्जवी असो. संकेतस्थळाचे नाव अक्षर न् अक्षर वाचणे, विक्रेत्याचा पत्ता आणि जीएसटी क्रमांक पाहणे, मंचाबाहेर परस्पर पैसे न पाठवणे, पार्सल उघडताना चित्रीकरण करणे या साध्या गोष्टींत परीक्षेचा तो हरवलेला काळ काही अंशी परत मिळतो.

फसलेल्याला मूर्ख ठरवण्याची सवय समाजात खोल आहे, आणि तिच्यामुळे लोक गप्प राहतात. वर आलेल्या कोणत्याही शास्त्राने दंड फसलेल्याला सांगितलेला नाही. गप्प राहिल्याने नुकसानही वाढते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची आणि बँकेची चूक नसताना त्रयस्थाकडून पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार पडत नाही. पिन किंवा ओटीपी स्वतःच दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा त्याचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन केला तर पुढच्या खात्यात पोहोचलेली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. काही तासांत ती अनेक खात्यांतून फिरून निघून जाते. विक्रेता दिल्लीचा असो वा सुरतचा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाण्याचा हक्क दिला आहे. हिमायतनगरच्या ग्राहकाला त्यासाठी नांदेडच्या पुढे जावे लागत नाही.