साक्षी आणि घोरणारा

वर्ध्याला गोपुरीत गीताई मंदिर आहे. छप्पर नाही, मूर्ती नाही. उभ्या शिळांवर विनोबांच्या गीताईचे अठराही अध्याय कोरलेले. १९३०-३१ मध्ये गीताई लिहिली गेली तीही वर्ध्यातच. सहाव्या अध्यायापाशी झोपेचा विषय निघतो: फार झोपणाऱ्याला योग साधत नाही, फार जागणाऱ्यालाही नाही. अठराव्यात मात्र झोप-आळसातल्या सुखाला सरळ तामस ठरवलं आहे.

आता पहाटेच्या प्रार्थनेला डुलक्या काढणारा गृहस्थ घ्या. रात्री नऊलाच आडवा झालेला, तरी मान छातीवर. तमोगुणी?

बायकोला विचारा. तो ढाराढूर घोरतो, मग एकाएकी खोली शांत होते. अंधारात ती मोजत राहते: आठ, नऊ, दहा, बारा. तेवढ्यात हबका बसल्यागत श्वास येतो, खाट करकरते आणि घोरणं पुन्हा सुरू. सकाळी हाच म्हणतो, ‘काय मस्त झोप लागली!’

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरते, पडजीभ थरथरते. घोरणं ते हेच. वाट पुरती मिटली की श्वास अडतो. किमान दहा सेकंदांची अडवणूक डॉक्टर हिशेबात धरतात; तासाला तीस किंवा त्याहून जास्त झाल्या तर श्वास अडण्याचा हा आजार तीव्र. बहुतेक खेपांना मेंदू दचकून जागा होतो, पण इतका क्षणभर की जाग लक्षात राहत नाही.

इथे वेदान्ताची पंचाईत होते. ‘सुखाने झोपलो, काही कळलं नाही’ असं उठल्यावर आठवतं, त्याअर्थी झोपेतही पाहणारा साक्षी होताच, हा त्याचा लाडका युक्तिवाद. न्यायदर्शनाचे नैयायिक म्हणत आले की ही आठवण नव्हे, उठल्यावरचं अनुमान. घोरणाऱ्यापुरतं तरी त्यांचंच खरं दिसतं, कारण त्याचं ‘सुखाने’ साफ चुकीचं असतं. त्याला सुषुप्ती, म्हणजे गाढ झोप, लाभलीच नव्हती, असं वेदान्ती म्हणेल. कबूल, पण मग खरी सुषुप्ती कुणाची, हे झोपलेल्याच्या शब्दावर कसं ठरवायचं? आणि ज्याला रात्रभर धड झोपच मिळाली नाही, त्याची पहाटेची पेंग तामस कशी?

१९८१ मध्ये सिडनीत कॉलिन सुलिव्हन यांनी हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवण्याची युक्ती मांडली. तेच आजचं सीपॅप. आपला गृहस्थ ते नाकावर चढवून झोपतो. पहिल्या रात्री घोरणं नाही, हबके नाहीत. बायको दोनदा उठते आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बघते.