कमी चाललेली गाडी

जुन्या वस्तूंच्या बाजारात सगळ्यांत जास्त भाव 'वापरलेलीच नाही' या दोन शब्दांना मिळतो. फोन विकणारा लिहितो, बॉक्ससकट आहे, स्क्रीनवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही. गाडी विकणारा सांगतो, सिंगल ओनर, डॉक्टरांची होती, घर ते दवाखाना एवढीच चालली. आणि फेरारी विकणारा मीटरचा फोटो टाकतो. वीस वर्षं जुनी गाडी आणि जेमतेम काही हजार किलोमीटर, की भाव चढलाच.

इंजिनाला मात्र हा हिशेब मान्य नाही. १९९९ मध्ये आलेली फेरारी ३६० मोडेना घ्या. ३.६ लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन, ४०० हॉर्सपॉवर. त्यातला टायमिंग बेल्ट रबरी असतो आणि रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. गाडी हलो न हलो, साधारण दर तीन वर्षांनी तो बदलायचा. आधीच्या ३५५ मॉडेलला त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागायचं. ३६० मध्ये सीटमागचं पॅनेल काढून काम भागतं, एवढीच सवलत. चालढकल केली आणि बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन कामातून जातं. शिवाय न चालणाऱ्या गाडीचे सील सुकतात, टायर कडक होतात, बॅटरी उतरते. जाणकार म्हणूनच सर्व्हिसची बिलं आधी मागतो. जाहिरातीत तरीही मीटरच मोठ्या अक्षरात.

माझं गाव पुसेगाव. सेवागिरी महाराजांचं, साताऱ्याकडचं नव्हे. आमचं हिंगोली जिल्ह्यातलं. (पुण्यात हे दर वेळी सांगावं लागतं.) आमचे आजोबा लाल कंधारी बैल घ्यायचे तेव्हा आधी दात बघायचे, मग चालवून, मग जुंपून. पूर्ण जुळलेल्या बैलाच्या मानेवर जुवाचा घट्टा दिसला नाही, तर 'हा कामाचा नाही' म्हणून पुढच्या दावणीकडे जायचे. तिथे वापराची खूण हाच पुरावा. फेरारीच्या बाजारात तीच खूण भाव पाडते.

अपवाद एकच, वापरणारा कोण होता. एप्रिल २००२ मध्ये सचिन तेंडुलकरने पोर्ट ऑफ स्पेनला २९वं कसोटी शतक ठोकून ब्रॅडमनशी बरोबरी केली. त्याबद्दल फियाटकडून मिळालेली लाल ३६० मोडेना त्याला मायकेल शूमाकरच्या हस्ते दिली गेली. मग सुमारे १ कोटी १३ लाखांच्या आयात शुल्काचा वाद झाला. सरकारने ते माफ केलं, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, शेवटी ते कंपनीने भरलं. २०११ मध्ये सचिनने ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. भेट विकतात का, असं म्हणणारे तेव्हा होतेच. मला त्यात काही वावगं वाटत नाही. भेट दिली म्हणजे दिली. तिचं पुढे काय करायचं तेही सोबत दिलेलं असतं.

मला प्रश्न पडतो तो विकत घेणाऱ्याचा. इतर कुठल्याही मोडेनात आधीच्या मालकाचा प्रत्येक किलोमीटर किंमत खातो. इथे तोच किलोमीटर किंमत वाढवतो. पण नवा मालक स्वतः चालवायला लागला की त्याचे किलोमीटर सचिनच्या किलोमीटरवर चढत जाणार. बेल्ट, क्लच, टायर एकेक करून बदलणार, आणि बदलले नाहीत तर गाडी चालणार नाही. म्हणजे सांभाळायची तर थोडी थोडी पुसावी लागते. आणि जशीच्या तशी ठेवायची म्हणून झाकून ठेवली, तर एवढे पैसे मोजून माणूस मालक झाला की राखणदार?

हा प्रश्न फेरारीवाल्यांपुरता असता तर मी इतका वेळ घालवला नसता. पण आमच्या घरी आजोबांची राजदूत आहे. आजोबा गेल्यापासून गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी. जुन्या गाड्या जमवणाऱ्या पुण्यातल्या एकाला ती हवी आहे, त्याला 'ओरिजिनल' हवी, गंजलेल्या टाकीसकट, आणि तो चांगले पैसे देतोय. चुलतभावाला ती दुधाच्या कॅन न्यायला हवी आहे. तो टाकी बदलेल, मागे लोखंडी कॅरिअर वेल्ड करेल, आणि पैसे देईल ते हप्त्याने, देईल तेव्हा.

बाबा म्हणतात, पुण्याला दिली तर निदान आबांची गाडी आबांची म्हणून राहील. त्यांचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. पण आजोबांनी त्या गाडीवर बियाण्याच्या पिशव्या आणल्या, आजारी माणसं हिंगोलीला नेली, एकदा तर पुढे टाकीवर शेळीही बसवून आणली होती. काचेमागे तिचं नाव राहील, काम राहणार नाही. माझं मत चुलतभावाला आहे. पैशांचा फरक मी माझ्या पगारातून भरून देतो असंही बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "पैशाचं कोण बोलतंय?"

पुण्याचा माणूस दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहे. चुलतभावाने टाकीचा भाव विचारून ठेवलाय.